पद्माची अर्धवेळ नोकरी

पद्मा शिंगे साठ वर्षांची झाली आणि मस्कतच्या ज्या दवाखान्यात तिनं जवळजवळ निम्मं आयुष्य काढलं होतं, त्यांनी तिला रीतसर निरोप दिला. केक कापला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, डायलिसिस विभागातल्या तरुण नर्सेस रडल्या. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. मला वाटलं, हुबळीला कधी पोचते ते सांगायला केला असेल.

ती म्हणाली, "रेखा, मी इथंच काहीतरी अर्ध्या वेळाचं काम मिळतंय का बघायलेय. पूर्ण दिवसाचं आता कोण देणार नाही आणि मलाही झेपायचं नाही. अर्धा दिवस तरी मिळेल की."

"आरुषीला सांगितलंस?"

"नाही. काम मिळू दे आधी. नाही मिळालं तर सांगायचं कारणच उरत नाही."

आरुषी तिची एकुलती एक मुलगी. विद्यानगरातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. नवरा धम्मपाल बँकेत आहे, आणि त्यांची लेक स्मृती तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. आई निवृत्त होऊन येणार म्हणून आरुषीनं माडीवरची खोली नीट करून घेतली होती. पूर्वेकडे नवी खिडकी काढली, पलंग बुटका करवून घेतला, न्हाणीत धरायला दांडी बसवली. मला मुद्दाम नेऊन दाखवलं होतं. आईला ती अक्का म्हणते. "रेखामावशी, अक्काचे गुडघे दुखतात ना, म्हणून दांडी," असं म्हणताना तिच्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्या डोळ्यांसमोर होता. 

पद्मा आणि मी जुन्या हुबळीतल्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मजूर, होते. आई यल्लव्वा घरात विड्या वळायची. घरात मराठी, दारात कानडी, गल्लीच्या टोकाला दखनी, असं आम्ही सगळ्याच वाढलो. मॅट्रिक झाल्यावर मी शिक्षिकेच्या कोर्सला गेले आणि पद्मा नर्सिंगला. त्यांच्या गल्लीतून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. तिचं लग्न प्रेमानंद नावाच्या मुलाशी झालं. तो गोकुळ रोडवर एका कारखान्यात लेथवर काम करायचा. मनानं फार चांगला होता. आरुषी चार वर्षांची असताना तो काविळीनं गेला. आधी झाडपाल्याचं औषध घेत बसला, पद्माचं ऐकलं नाही, आणि दवाखान्यात आला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात पद्मा मस्कतला गेली. एका एजंटानं बेळगाव-हुबळीकडच्या पाच-सहा नर्सेस निवडल्या होत्या. आरुषी यल्लव्वाकडे राहिली. पद्मा घरातली थोरली, तिला सगळेच अक्का म्हणायचे, त्यामुळे आरुषीही तिला अक्काच म्हणायला लागली. लहान असताना आई म्हणायची ती आजीला. दर दोन वर्षांनी पद्मा महिनाभर यायची. पहिले काही दिवस पोर तिच्याजवळ जायची नाही, जवळ यायला लागायची तोवर हिची बॅग भरायची वेळ व्हायची. यल्लव्वा गेली तेव्हाही विमानाचं तिकीट मिळून पद्मा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांच्या रांगेत ती एका कडेला बसली होती आणि घरचं माणूस म्हणून आरुषी सगळ्यांना सामोरी जात होती.

आता तिच्या काम शोधण्याबद्दल सांगते. निवृत्त झालेल्या परदेशी माणसाला तिथं नुसतं राहता येत नाही. कोणीतरी कामावर घ्यावं लागतं, त्यानं व्हिसा काढावा लागतो, आणि नर्सचं लायसन वेगळं. पद्मा भाड्यानं राहायची तिथली शेजारच्या खोलीतली मैत्रीण एलियम्मा केरळची होती. तिच्या ओळखीनं पद्मा एका खासगी क्लिनिकमध्ये गेली. तिथल्या मॅनेजरनं वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी, त्वचेच्या दवाखान्यात, त्यांना नर्स नको होती. पेशंटना बसवायला, फोन घ्यायला बाई हवी होती. "हातात सुई न घेता मी दिवसभर खुर्चीवर काय करू," असं ती मला म्हणाली.

मग घरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करायला बायका पुरवणाऱ्या एका माणसानं तिला बोलावलं. काम सोपं होतं. एका मोठ्या घरातल्या आजीबाईंजवळ सकाळी बसायचं, औषधं द्यायची. त्या आजी पद्माला आवडल्या. पण कागदांचं विचारलं की तो माणूस म्हणायचा, आधी सुरू करा, कागद नंतर बघू. पद्मानं नाही म्हटलं. तिनं मला कारण सांगितलं. कागद नसलेल्या बायका तिच्या वॉर्डात यायच्या, त्यांना सोडायला आलेला माणूस दारातूनच पळायचा, आणि त्या बाईचं नावसुद्धा विचारायला कोणी उरायचं नाही. "मी त्यांच्यातली होणार नाही," ती म्हणाली.

व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा तिनं आशा सोडली आणि सामान बांधायला घेतलं. त्याच आठवड्यात तिच्या जुन्या विभागाच्या मुख्य डॉक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं. डॉक्टर जोखा तिथल्याच, पद्माहून वयानं लहान. त्यांनी तिच्यासमोर अडचण मांडली. परदेशातून आलेले मजूर किडनी निकामी होऊन दवाखान्यात येतात. मशीनवर त्यांचं डायलिसिस किती दिवस करणार? त्यांना घरी तर जायचंच असतं, आणि त्यांच्या गावाजवळ मशीन नसतं. काहींना पोटाचं डायलिसिस चालतं. पोटात एक नळी बसवतात, त्यातून पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, पुन्हा नवं सोडायचं. हे माणूस घरी स्वतः करू शकतो, फक्त शिकायला हवं. शिकवायचं तर त्याच्या भाषेत शिकवायला हवं. "तुला किती भाषा येतात, सिस्टर?" त्यांनी विचारलं.

पद्माला मराठी, कानडी, हिंदी, दखनी, वॉर्डातली अरबी आणि मैत्रिणींकडून उचललेली मल्याळम येत होती.

रविवार, मंगळवार, गुरुवार, आठवड्यातून तीनच सकाळी काम. करार एका वर्षाचा. व्हिसा दवाखाना काढणार, पण त्याला थोडा वेळ लागणार, तोवर तिनं गावी जाऊन यावं. अशी ती हुबळीला आली.

आल्या आल्या तिनं आरुषीला काही सांगितलं नाही. माडीवरची खोली बघून ती खिडकीशी उभी राहिली, दांडीला हात लावून बघितला, "छान केलंस गं," एवढं म्हणाली. स्मृतीला शाळेत सोडायला जायची, दुपारी तिच्याशी पत्ते खेळायची. पुढच्या रविवारी आरुषीनं मला जेवायला बोलावलं. भरल्या वांग्यांची एण्णगाई केली होती, ज्वारीच्या भाकऱ्या होत्या. धम्मपाल जेवून स्मृतीला घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत गेला. आम्ही तिघी राहिलो.

ताटं उचलता उचलता पद्मा म्हणाली, "आरुषी, मला मस्कतला काम मिळालंय. अर्ध्या वेळाचं. पुढच्या महिन्यात जायचं आहे."

आरुषीनं हातातलं ताट परत टेबलावर ठेवलं. "कुठं जायचं आहे?"

"मस्कतला. एक वर्ष."

"तू निवृत्त झालीस ना?"

"झाले की. हे वेगळं काम आहे." तिनं सगळं समजावून सांगितलं, नळी, पिशवी, मजूर, भाषा. आरुषी ऐकत होती असं मला वाटलं नाही.

"रेखामावशी, तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत आईकडे वळली. आवाज चढवला नाही. वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारावा तसं तिनं विचारलं, "अक्का, मी लहान असताना सगळे मला सांगायचे, तुझी आई तुझ्यासाठी गेली. माझी फी, माझे कपडे, हे घर, सगळं माझ्यासाठी. मी ते मान्य केलं. आजीनं मान्य करायला लावलं. आता माझं शिक्षण झालं, लग्न झालं, मला मूल झालं. आता कोणासाठी जातेस?"

पद्मा पुसलेल्या टेबलावरून पुन्हा एकदा फडकं फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता माझ्यासाठी."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा तुझ्यासाठीच गेले. पण गेल्यावर मला ते काम आवडलं, आरुषी. फार आवडलं. ते तुला कधी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. पोर घरी ठेवून गेलेल्या बाईनं आपण कामात खूश आहोत असं म्हणायचं नसतं."

 आरुषीनं ताट उचललं, नळाखाली धरलं आणि ते ताट फार वेळ धुतलं. पद्मा जिना चढून वर गेली. मी निघाले तेव्हा आरुषी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं आता तरी ती माझ्या वाट्याला येईल." 

पद्मा गेली त्या दिवशी तिला विमानतळावर सोडायला धम्मपाल गेला. आरुषीला कॉलेजात परीक्षेचं काम होतं, असं तिनं सांगितलं.

पुढचे काही महिने आरुषी आईशी फोनवर फारसं बोलत नव्हती. व्हिडिओ कॉल आला की फोन स्मृतीच्या हातात द्यायची. पद्मा मला मात्र सविस्तर सांगायची. दवाखान्यात तिला शिकवायला एक लहानशी खोली दिली होती, एक पलंग, हात धुवायचं भांडं, पिशवी अडकवायचा स्टँड. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. पहिला आठवडा ती माणसाला नुसते हात धुवायला शिकवायची. मजुरांना ते पटायचं नाही. हात धुवायला काय शिकायचं आहे, असं म्हणायचे. ती त्यांना सांगायची की बोटांच्या बेचक्यात राहिलेली घाण नळीतून पोटात गेली तर माणूस मरतो. मग ते गप्प धुवायचे. एकदा एका मच्छीमाराच्या बायकोला शिकवताना त्या बाईला रडू आलं, आणि पद्मानं त्या दिवशी तिला काहीच शिकवलं नाही, नुसती शेजारी बसली. हे सगळं सांगताना तिचा आवाज मला शाळेतल्या पद्मासारखा वाटायचा.

डिसेंबरात तिनं बाळाप्पाबद्दल सांगितलं. कुंदगोळजवळच्या एका खेड्यातला माणूस, मस्कतला फरशी बसवायचं काम करायचा. चाळिशीचा असेल. कानडीशिवाय त्याला कामापुरती हिंदी यायची. दवाखान्यात आला तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि डॉक्टर काय म्हणतात ते त्याला आठवडाभर कळलंच नव्हतं. पद्मानं त्याच्याशी कानडीत बोलायला सुरुवात केल्यावर तो आधी रडला आणि मग जेवायला मागितलं. तो शिकायला उशीर लावणारा होता, पण एकदा शिकलेलं विसरायचा नाही. शिकून झाल्यावर त्याला गावी पाठवलं.

"रेखा, तू एकदा जाऊन बघून येशील? हुबळीपासून लांब नाही. तो फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो. ते सगळेच म्हणतात. कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवं."

मी हो म्हणाले, पण माझ्याकडे गाडी नाही आणि त्या खेड्यात बस दिवसातून एकदाच जाते. मी आरुषीला विचारलं. ती म्हणाली, "चला, मी येते. पण अक्काला सांगू नका मी आले म्हणून."

जानेवारीचा महिना होता. कुंदगोळच्या पुढं दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि खळ्यात वाळत घातलेली मिरची, लांबून जमखाना अंथरल्यासारखी. बाळाप्पाचं घर दोन खोल्यांचं. त्याची बायको शांतव्वा दारात उभी होती. आतली खोली त्यानं पूर्ण वेगळी केली होती. छताला प्लास्टिकचा कागद ताणून बसवला होता, खिडकी चिकटपट्टीनं बंद केली होती, कारण बाहेर मिरची आणि तिची धूळ. खोलीत कोपऱ्यात पिशव्यांचे खोके, भिंतीला एक खिळा, खाली पांढरी फरशी. फरशी त्यानं स्वतः बसवली होती, नळी असलेल्या पोटानं, थोडी थोडी करून.

त्याची दुपारची वेळ झाली होती. त्यानं आम्हाला दारात उभं केलं, मास्क दिले आणि कानडीत म्हणाला, "सिस्टर म्हणतात, बघणाऱ्यानंही तोंड बांधायचं." मग तो हात धुवायला लागला. मनगटापासून, बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या कडेनं. तोंडानं पुटपुटत होता. मी कान देऊन ऐकलं तर तो पद्माच्या कानडीत, तिच्याच हेलात, एकेक पायरी स्वतःला सांगत होता. आमच्या हुबळीच्या मराठी माणसांची कानडी जरा वेगळी वाजते. ती त्या कुंदगोळच्या माणसाच्या तोंडून येत होती. आरुषीनं दाराची चौकट धरली होती.

पाणी पोटात जायला लागल्यावर तो निवांत झाला. तोवर मी आरुषीची ओळख करून दिली नव्हती. आता सांगितलं की ही सिस्टरची मुलगी.

बाळाप्पानं तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच का त्या? सिस्टर एकदा माझ्यावर फार चिडल्या होत्या. मी हात नीट धुतले नव्हते. म्हणाल्या, मी माझ्या पोरीला हात धुवायला शिकवलं नाही, ते तिच्या आजीनं शिकवलं. तुला शिकवायलेय, तर नीट शिक." तो हसला. "मग स्वतःच गप्प झाल्या."

आरुषीनं मास्क वर ओढला आणि ती बाहेर अंगणात गेली. शांतव्वानं तिच्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं. मी आत राहिले. थोड्या वेळानं आरुषी परत आली आणि तिनं विचारलं, "सकाळी काढलेलं पाणी कुठं आहे? पिशवी टाकून दिली का?"

पिशवी न्हाणीच्या कडेला होती. आरुषीनं ती उजेडात धरली. पाणी कसं तपासायचं ते पद्मानं मला फोनवर सांगितलं होतं आणि मी वाटेत गाडीत आरुषीला सांगितलं होतं, की पिशवीमागे छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. शांतव्वानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आरुषीनं ते पिशवीमागे धरलं. अक्षरं पुसट दिसत होती.

"बाळाप्पाण्णा, पोट दुखतंय का?"

"थोडं. कालपासून. मिरची उचलली म्हणून असेल."

आरुषीनं फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. मस्कतच्या खोलीत पद्मा पोळी लाटत होती. मुलीचा फोन बघून ती आधी घाबरली. आरुषी म्हणाली, "अक्का, मी बाळाप्पाच्या घरी आहे. पिशवी बघ." आणि तिनं फोन पिशवीसमोर धरला, मग बाळाप्पाच्या पोटावरच्या नळीच्या तोंडाशी धरला. पद्मा चष्मा लावून बघत होती. तिचा आवाज तुटत होता, म्हणून तिनं विचारलेलं आरुषी बाळाप्पाला पुन्हा विचारत होती आणि उत्तरं तिला सांगत होती. ताप आहे का? थोडा. उलटी? नाही. शेवटी पद्मा म्हणाली, "इन्फेक्शन आहे. वेळ घालवू नका. ती गढूळ पिशवी बरोबर घ्या, टाकू नका, डॉक्टरांना तपासायला लागेल. आत्ता निघा." मग, "आरुषी, गाडी तू चालवायलीस?"

"हो."

"सावकाश चालव."

बाळाप्पाला मागच्या सीटवर शांतव्वाच्या मांडीवर निजवून आम्ही हुबळीला आणलं. किडनीच्या डॉक्टरांनी पिशवी बघितली आणि आणखी दोन दिवस गेले असते तर नळी काढावी लागली असती असं सांगितलं. नळीतूनच औषधं दिली. तो बरा होऊन घरी गेला. आरुषी रोज कॉलेज सुटल्यावर वॉर्डात जायची, शांतव्वाला डबा द्यायची आणि तिथूनच आईला फोन करायची. त्या दोघी काय बोलायच्या ते बहुतेक औषधांचंच असायचं. ताप किती, पाणी कसं आहे, भूक लागते का. पण बोलायच्या.

त्यानंतर आरुषी महिन्यातून एकदा कुंदगोळला जायला लागली. मी नसले तरी जायची. फेब्रुवारीत पद्मानं शिकवलेला आणखी एक माणूस धारवाडजवळच्या गावी परत आला, त्याच्याकडेही जाऊन आली. धम्मपाल मला एकदा म्हणाला, "मावशी, हिला आता खोल्या बघायची सवय लागली आहे. कुठं गेली की आधी पंखा बंद आहे का बघते."

बाळाप्पा त्या उन्हाळ्यात गेला. किडनीमुळं नाही, हृदय बंद पडलं. दुपारचं जेवण झाल्यावर खाटेवर पडला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं असं होतं, कोणाची चूक नाही. शांतव्वानं पहिला फोन आरुषीला केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच आरुषी मला घेऊन गेली. मातीहून परतताना गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून तिनं मस्कतला फोन लावला आणि आईला सांगितलं.

 पद्मानं विचारलं, "काल सकाळची पिशवी कोणी बदलली?"

"त्यानं स्वतः. शांतव्वा म्हणाली, रोजच्यासारखी."

"पाणी स्वच्छ होतं?"

"हो, अक्का. मी बघितलं."

"बरं," पद्मा म्हणाली. "घरी होता ना."

"घरीच होता."

त्या दिवशी मंगळवार होता. मला नंतर एलियम्माकडून कळलं की हा फोन आला तेव्हा पद्मा दवाखान्यातच होती, पुढचा पेशंट खोलीबाहेर बसला होता. तिनं तोंड धुतलं, हात धुतले आणि त्याला आत घेतलं.

वर्ष संपलं तेव्हा पद्मा परत आली. दवाखान्यानं आणखी एका वर्षाचं विचारलं होतं. यावेळी तिनं विमानतळावरून घरी येताना गाडीतच आरुषीला सांगितलं. आरुषी म्हणाली, "बघू." नंतर महिनाभर तो विषय कोणी काढला नाही. पद्मा माडीवरच्या खोलीत राहिली, स्मृतीला पाढे शिकवले, एक दिवस आम्ही दोघी जुन्या शाळेवरून चक्कर मारून आलो. शांतव्वाच्या घरी तिघी गेलो. तिथं उरलेले पिशव्यांचे खोके शांतव्वानं हात न लावता ठेवले होते. पद्मानं ते धारवाडच्या माणसाला पोचवायला सांगितले. निघताना शांतव्वानं पद्माचे दोन्ही हात धरले.

परतीच्या वाटेवर आरुषी गाडी चालवता चालवता म्हणाली, "अक्का, तू दुसऱ्या वर्षाला हो म्हण."

पद्मा मागच्या सीटवर होती. "मनापासून म्हणतेस?"

"नाही. मनापासून मला तू इथं हवी आहेस. मला अजून राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. पण तू काय करतेस ते मी आता बघितलंय. ते बघून नको म्हणता येत नाही मला."

पद्मानं हात पुढं करून तिच्या खांद्यावर ठेवला. आरुषीनं तो झटकला नाही. नूलवीच्या फाट्यापर्यंत तो तसाच होता.

सध्या पद्माचं दुसरं वर्ष चालू आहे. डॉक्टर जोखांनी तिच्या हाताखाली दोन तरुण नर्सेस दिल्या आहेत, एक तेलंगणची, एक नेपाळची. ती त्यांना शिकवते आणि त्या पेशंटना. त्या तयार झाल्या की मी येते, असं ती म्हणते. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं आहे. नाताळच्या सुट्टीत आरुषी स्मृतीला घेऊन पहिल्यांदाच मस्कतला गेली होती. आल्यावर मी विचारलं, कसं आहे तिथं? आरुषी म्हणाली, "खोली फार लहान आहे, मावशी. एक पलंग, एक शेगडी. भिंतीवर माझे शाळेतल्या सगळ्या वर्गांमधले फोटो आहेत, पहिलीपासूनचे. आजी पाठवायची म्हणे." मग ती स्मृतीचं दप्तर आवरायला उठली.